कंदहारच्या तळावरची कंत्राटी नोकरी

परदेशातील युद्धक्षेत्रात मुलकी कंत्राटी नोकरी केली असे सांगितले की समोरच्याचा पहिला प्रश्न बहुधा बंदुकीविषयी असतो. खासगी सशस्त्र रक्षक तिथे असतात हे खरे, परंतु अफगाणिस्तानातल्या कंदहारच्या विमानतळाभोवती पसरलेल्या त्या अवाढव्य लष्करी तळावर आमच्यापैकी बहुसंख्य लोक स्वयंपाकी, धोबी, पाण्याच्या आणि मैल्याच्या टँकरचे चालक, सुतार, प्लंबर आणि माझ्यासारखे वीजतंत्री होते. २०१२ च्या सुरुवातीला अमेरिकी संरक्षण खात्याच्या कंत्राटांवर अफगाणिस्तानात एक लाखाहून अधिक माणसे काम करत होती. तेव्हा त्या देशात अमेरिकी सैनिकही इतके नव्हते. कंत्राटी माणसांत अमेरिकी, स्थानिक अफगाण आणि तिसऱ्याच देशांतून आणलेले असे तीन वर्ग होते. मी तिसऱ्या वर्गातला. अमेरिकी लष्कराने १९८५ साली लॉगकॅप ही योजना आखली आणि पुढे सोमालिया, बाल्कन, इराक, अफगाणिस्तान असे करत तळ उभारण्याचे आणि चालवण्याचे जवळजवळ सगळे काम खासगी कंपन्यांकडे गेले. या व्यवस्थेत शिरताना, राहताना आणि बाहेर पडल्यावर आपले काय होणार हे कोणत्या कागदांवर ठरते, ते आधी कोणी नीट सांगत नाही. मला जे उमगले ते उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी उमगले, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

नोकरी मिळते ती एका लांबलचक साखळीतून. वर मूळ कंत्राट घेतलेली मोठी कंपनी, तिच्याखाली उपकंत्राटदार, कधी त्याच्याही खाली आणखी एक, आणि सर्वांत खाली माणसे गोळा करणारा एजंट. मुलाखत घेणारा एकाचा, पगार देणारा दुसऱ्याचा आणि काम सांगणारा तिसऱ्याचा माणूस, अशी स्थिती असते. मला करारपत्र हातात मिळाले ते दुबईत, पुढच्या विमानाची वाट पाहत असताना, आणि ते वाचून सही करायला अर्धा दिवसही दिला गेला नाही. ज्या माणसाने एजंटाला पैसे मोजलेले असतात आणि ज्याचे पारपत्र कोणाच्या तरी कपाटात असते, तो अशा वेळी अटींवर वाद घालत नाही. माझ्या उपकंत्राटदारानेही पारपत्रे गोळा करून ठेवली होती आणि ती ‘सुरक्षिततेसाठी’ ठेवली आहेत असे तो सांगत असे.

हा प्रकार किती टोकाला जाऊ शकतो हे ऑगस्ट २००४ मध्ये जगाने पाहिले होते. इराकमध्ये १२ नेपाळी कामगारांचे अपहरण होऊन त्यांची हत्या झाली आणि त्यांतल्या अनेकांना जॉर्डनमध्ये नोकरी आहे असे सांगून घराबाहेर काढण्यात आले होते. एप्रिल २००६ मध्ये इराकमधील अमेरिकी सेनानेतृत्वाने कंत्राटदारांना कामगारांची पारपत्रे परत करण्याचा हुकूम दिला. सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकी अध्यक्षांनी एका कार्यकारी आदेशाने सरकारी कंत्राटांवरील कामगारांकडून भरतीचे शुल्क घेणे, त्यांची ओळखपत्रे अडकवून ठेवणे आणि नोकरीचे ठिकाण व अटी यांविषयी फसवी माहिती देणे यांना मनाई केली. त्यानंतर आमच्या भोजनगृहाच्या भिंतीवर अनेक भाषांतल्या सूचना लागल्या आणि काही आठवड्यांत आमची पारपत्रे आमच्या हाती परत आली. एजंटाला दिलेले पैसे मात्र आमच्या गटात कोणालाच परत मिळाले नाहीत. तेव्हा सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात असे माझे ठाम मत आहे: आपल्याला कामावर ठेवणाऱ्या कंपनीचे पूर्ण नाव, तिच्या वर असलेल्या मूळ कंत्राटदाराचे नाव आणि विमा कोणत्या कंपनीचा आहे ते. पगाराचा आकडा सगळे विचारतात. या तीन गोष्टी क्वचितच कोणी विचारतो.

तळावर पाऊल ठेवण्याआधी आणखी एक कागद लागतो. त्याला सगळे एलओए, म्हणजे लेटर ऑफ ऑथरायझेशन, म्हणतात. लष्कराच्या कंत्राट अधिकाऱ्याच्या मंजुरीने निघणारे हे अधिकृत पत्र म्हणजे त्या जगातले आपले अस्तित्व. त्यावर नाव, पारपत्र क्रमांक, कंत्राट क्रमांक आणि मुदत असते, आणि खाली सरकारकडून मिळणाऱ्या सोयींची चौकटींची यादी असते: निवास, भोजनगृह, लष्करी विमानाने प्रवास, तातडीचे वैद्यकीय उपचार, शस्त्र बाळगण्याची परवानगी वगैरे. ज्या चौकटीत खूण आहे ते मिळते, जिथे नाही ते मिळत नाही. मुदत संपायच्या आत नवे पत्र आले नाही तर कालपर्यंत जेवू घालणाऱ्या भोजनगृहाच्या दारावर आज कार्ड चालत नाही. हे माझ्या शेजारच्या खोलीतल्या प्लंबरच्या बाबतीत घडले आणि त्याचे पत्र येईपर्यंत आम्ही आळीपाळीने त्याच्यासाठी जेवण बांधून आणत होतो.

या पत्रामागे आंतरराष्ट्रीय कायदाही आहे. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचे चौथे कलम सैन्यासोबत जाणाऱ्या पण सैन्यात नसलेल्या पुरवठादारांचा आणि कामगारांचा उल्लेख करते. सैन्याने त्यांना अधिकृत परवानगी आणि ओळखपत्र दिलेले असेल, तर पकडले गेल्यास त्यांना युद्धकैद्याचा दर्जा मिळतो. परंतु ही तरतूद दोन राष्ट्रांमधल्या युद्धाला लागू होते. तालिबानशी चाललेला संघर्ष त्या प्रकारात मोडत नव्हता, त्यामुळे त्या कार्डाचा आम्हाला व्यवहारात असा आधार नव्हता. लष्करी शिस्त मात्र आम्हाला लागू होती. दारूला बंदी, खासगी शस्त्राला बंदी, मशिदीत जाण्यास बंदी, कुत्री-मांजरे पाळण्यास बंदी, असा पहिल्या क्रमांकाचा सर्वसाधारण आदेश सैनिकांइतकाच आमच्यावरही बंधनकारक होता.

आता कामाविषयी. मी जनरेटर आणि वितरण विभागात होतो. आमचा मुकादम बोस्नियाचा होता; नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तूझलाच्या अमेरिकी तळावर तो या कामात शिरला आणि नंतर एका युद्धातून दुसऱ्यात जात राहिला. कंदहारवर अनेक देशांच्या फौजा असल्याने एकाच रस्त्याच्या एका बाजूला २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, तर दुसऱ्या बाजूला अमेरिकी कंटेनरांत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ असा प्रकार असे. ६० हर्ट्झसाठी बनवलेली वातानुकूलन यंत्राची मोटर ५० हर्ट्झवर जोडली की ती हळू फिरते, तापते आणि उन्हाळ्यात, जेव्हा पारा चाळिशीच्या पुढे असतो, नेमकी तेव्हाच जळते. मुकादमाने पहिल्याच आठवड्यात सांगितले, “प्लगच्या आकारावर विश्वास ठेवू नकोस, मीटर लाव.” मी तिथे असेपर्यंत मीटर लावल्याशिवाय कुठल्याही पॅनलला हात लावला नाही.

अर्थिंग हा तर वेगळाच अध्याय होता. जानेवारी २००८ मध्ये बगदादमधल्या एका तळावर शॉवर घेताना विजेचा धक्का बसून एक अमेरिकी सैनिक मरण पावला. पाण्याच्या पंपाला अर्थिंग नव्हते. त्यानंतर विजेची आणि आगीची सुरक्षितता तपासण्यासाठी टास्क फोर्स सेफ हे पथक उभे राहिले आणि त्याच्या तपासण्या अफगाणिस्तानातही होऊ लागल्या. कंदहारची माती इतकी कोरडी आहे की एक अर्थ रॉड ठोकून टेस्टर लावला तर रोध मान्य मर्यादेच्या, म्हणजे २५ ओहमच्या, कितीतरी पट येई. मग दुसरा, तिसरा रॉड ठोकायचा, ते तांब्याच्या तारेने जोडायचे आणि पुन्हा मोजायचे. माती दगडी असेल तर एका स्नानगृहासाठी अख्खा दिवस जाई. तपासनिसाला दाखवण्यापुरता रॉडचा वरचा तुकडा जमिनीत रोवून ठेवणारेही मी पाहिले आहेत. अशा तुकड्याखाली काहीच नसते आणि त्याच्या भरवशावर ओल्या फरशीवर उभ्या राहणाऱ्या माणसाला ते कधीच कळत नाही. या कामात हयगय करणाऱ्याला मी आजही माफ करू शकत नाही.

जनरेटरांचा दोष वेगळा होता. प्रत्येक तुकडी आपापला तंबू आणि आपापला जनरेटर घेऊन येई, तोही गरजेपेक्षा मोठा, आणि मग साठ किलोवॅटचे यंत्र दहा-बारा किलोवॅटवर रात्रंदिवस चालत राही. डिझेल इंजिन क्षमतेच्या ३० टक्क्यांहून कमी लोडवर फार काळ चालवले की ते पुरेसे तापत नाही, इंधन पूर्ण जळत नाही आणि सायलेन्सरच्या सांध्यांतून काळा, चिकट द्रव ओघळू लागतो. त्याला वेट स्टॅकिंग म्हणतात. इंजेक्टर चोंदतात, ताकद कमी होते, आणि इंधन मात्र जळतच राहते. अमेरिकी फौज तिथे बहुतेक सगळ्यालाच जेपी-८ हे विमानाचे केरोसीनजातीचे इंधन वापरत असे. ते डिझेलपेक्षा हलके असल्याने लिटरमागे ऊर्जाही थोडी कमी देते. दोन-तीन तंबूंचा लोड एका जनरेटरवर आणून बाकीचे बंद करणे हा साधा उपाय, पण त्यासाठी तुकड्यांच्या अधिकाऱ्यांची मनधरणी करावी लागे, कारण आपल्या जनरेटरवर दुसऱ्याचा हक्क कोणालाच नको असे.

मी त्यासाठी भांडत राहिलो, याचे कारण ते इंधन रस्त्याने येत होते. पाकिस्तानातल्या कराचीहून सीमेवरच्या चमनमार्गे कंदहारला येणाऱ्या टँकरांवर वाटेत हल्ले होत, आणि टँकर चालवणारे पाकिस्तानी आणि अफगाण चालक आमच्याइतकेच कंत्राटी होते, फक्त त्यांच्या भोवती भिंत नव्हती. अमेरिकी लष्करासाठी झालेल्या एका अभ्यासात २००७ च्या आकड्यांवरून असा हिशेब मांडला आहे की अफगाणिस्तानात इंधनाच्या दर २४ काफिल्यांमागे एक माणूस ठार किंवा जखमी होत होता. २६ नोव्हेंबर २०११ रोजी सलाला येथील पाकिस्तानी सीमाचौक्यांवर नाटोने केलेल्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने हा मार्ग बंद केला आणि तो जुलै २०१२ मध्ये उघडला. त्या काळात मध्य आशियातून उत्तरेच्या मार्गाने माल येत होता, सुटे भाग महिनोन्‌महिने मिळत नव्हते आणि तेव्हा कुठे लोड एकत्र करण्याचे आमचे म्हणणे वरच्यांना पटले. आम्ही बंद केलेला प्रत्येक जनरेटर म्हणजे कोणा चालकाची एक वाचलेली फेरी, असे मी मनात धरत असे. हा हिशेब काटेकोर नाही हे मला ठाऊक आहे, तरी त्याने काम नीट करण्याचे बळ मिळे.

रॉकेटांविषयी लिहिणे टाळता येणार नाही. बहुतेक वेळा ती १०७ मिलिमीटरची असत, तळाबाहेरच्या शेतांतून किंवा टेकड्यांवरून, कधी नुसत्या दगडांवर टेकवून सोडलेली, आणि त्यामुळे ती नेमकी कुठे पडतील हे सोडणाऱ्यालाही माहीत नसे. भोंगा वाजे, मागोमाग ध्वनिक्षेपकावरून एका स्त्रीच्या शांत आवाजात इशारा येई. जिथे असू तिथे पालथे पडायचे, दोन मिनिटे तसेच राहायचे, मग जवळच्या काँक्रीटच्या बंकरमध्ये जायचे आणि धोका टळल्याची घोषणा होईपर्यंत थांबायचे. एका संध्याकाळी मी उघड्या पॅनलसमोर होतो. पालथा पडलो तेव्हा चेहऱ्यापासून हातभर अंतरावर ब्रेकरचा स्क्रू पडलेला दिसला आणि तो कोणत्या ब्रेकरचा आहे एवढाच विचार डोक्यात होता. स्फोट दूर झाला. बाहेर आल्यावर तोच स्क्रू परत बसवला. भीती त्या क्षणी वाटत नसे. ती सुटीवर घरी गेल्यावर, दार आपटल्याच्या आवाजाने वर येई आणि घरच्यांना ते समजावून सांगणे कठीण जाई.

अफगाण सहकाऱ्यांची जोखीम याहून फार मोठी होती. आम्ही आत राहत होतो, ते रोज संध्याकाळी घरी जात. माझ्याबरोबर केबल ओढणारा एक तरुण मला उस्ताद म्हणे. तो फाटकापाशी कपडे बदलून, कार्ड बुटाच्या तळाशी लपवून बाहेर पडत असे. त्याच्या गावात परदेशी फौजेसाठी काम करणाऱ्यांच्या दारावर रात्रीतून धमकीची चिठ्ठी लावली जाई. तिला तिकडे शबनामा म्हणतात. दुसरीकडे, स्थानिकांवर तळावरच्या पहारेकऱ्यांचा संशयही कायमचा असे, आणि त्याला कारणे नव्हती असेही म्हणता येत नाही. पुढे १२ नोव्हेंबर २०१६ रोजी काबूलजवळच्या बगराम या अमेरिकी तळावर तिथेच कामाला असलेल्या एका अफगाण कामगाराने आत्मघाती स्फोट घडवला, त्यात अमेरिकी सैनिकांबरोबर कंत्राटी कर्मचारीही मेले. गावातली धमकी आणि फाटकावरचा संशय या दोन्हींच्या मध्ये हा केबल ओढणारा मुलगा रोज ये-जा करत होता आणि त्याचा पगार आमच्या सर्वांपेक्षा कमी होता.

२०१४ मध्ये फौजा कमी होऊ लागल्या तसे आमचे कंत्राटही आटोपले. निघण्याच्या सुमारास मला जाणवू लागले होते की गर्दीत समोरच्याचे बोलणे कळत नाही. जनरेटरांच्या शेडमध्ये कानात बोळे घालूनही वर्षानुवर्षे जे होते ते झाले होते. इथे विम्याचा कागद कामाला आला. १९४१ च्या डिफेन्स बेस ॲक्टनुसार अमेरिकी सरकारच्या परदेशातील अशा कंत्राटांवर काम करणाऱ्या प्रत्येकाचा, मग तो कोणत्याही देशाचा असो आणि साखळीत कितीही खाली असो, विमा काढणे मालकावर बंधनकारक आहे. इजा कळल्यापासून ३० दिवसांत मालकाला एलएस-२०१ या नमुन्यात लेखी सूचना द्यावी लागते आणि साधारणपणे एका वर्षात एलएस-२०३ या नमुन्यात दावा अमेरिकी श्रम खात्याकडे दाखल करावा लागतो. व्यवसायजन्य आजारासाठी ही मुदत दोन वर्षे आहे. श्रवणहानीत तर मुदतीची मोजणी कामगाराला श्रवणतपासणीचा आलेख आणि अहवाल मिळाल्यापासूनच सुरू होते. हे नमुने संगणकावरून भरता येतात, अमेरिकेत जावे लागत नाही.

विमा कंपनीने अपेक्षेप्रमाणे नकार दिला आणि दोष आधीपासूनचा असावा असे लिहिले. माझ्याजवळ भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीची प्रत होती आणि तिच्यातला श्रवणालेख स्वच्छ होता. कायद्यात कामगाराच्या बाजूने एक गृहीतक आहे: इजा आहे आणि ती होण्याजोगी परिस्थिती कामावर होती एवढे दाखवले की ती कामामुळेच झाली असे मानले जाते आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी विमा कंपनीवर जाते. ती एक प्रत नसती तर वाद कित्येक पटींनी लांबला असता. भरपाईचे सूत्र मात्र कठोर आहे. दोन्ही कानांच्या संपूर्ण हानीसाठी २०० आठवडे धरतात, त्याला हानीच्या टक्केवारीने गुणतात आणि आठवड्याच्या सरासरी वेतनाच्या दोन-तृतीयांश दराने रक्कम काढतात. टक्केवारी मोजताना आवाजाच्या ५००, १०००, २००० आणि ३००० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्या बघतात. मोठ्या आवाजाने होणारे नुकसान बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास सर्वांत खोल असते, आणि माझ्या आलेखातला तो खड्डा हिशेबात आलाच नाही. रक्कम बेताची मिळाली. श्रवणयंत्राचा आणि तपासण्यांचा खर्च मात्र विमा कंपनीकडे कायम राहिला आणि माझ्या दृष्टीने खरा लाभ तोच आहे. वकिलाचे शुल्क श्रम खात्याच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही आणि दावा जिंकल्यास ते बहुतेकदा विमा कंपनीच भरते. म्हणून ‘इतके टक्के द्या, पैसे मिळवून देतो’ असे सांगत जुन्या कामगारांना गाठणाऱ्या मध्यस्थांना कोणीही काही देऊ नये. खुल्या खड्ड्यांत कचरा जाळल्याचा धूर आम्हीही श्वासात घेतला, पण अशा धुराने झालेल्या आजारांसाठी लाभ देणारा २०२२ चा पॅक्ट कायदा अमेरिकी माजी सैनिकांसाठी आहे. कंत्राटी माणसाला फुप्फुसांच्या आजारासाठीही याच डिफेन्स बेस ॲक्टखाली दावा करावा लागतो आणि त्यात धुराचा संबंध दाखवणे कानापेक्षा फार अवघड जाते.

मे २०२१ मध्ये अमेरिकी फौजांनी कंदहारचा तळ सोडला आणि ऑगस्टमध्ये काबूल पडले. त्याच दिवसांत मला उस्ताद म्हणणाऱ्या त्या मुलाचा निरोप आला. अमेरिकेच्या विशेष स्थलांतर व्हिसासाठी त्याला कामाचा दाखला आणि अमेरिकी नागरिक असलेल्या वरिष्ठाचे शिफारसपत्र हवे होते. आमचा उपकंत्राटदार तोवर धंदा गुंडाळून गेला होता आणि मी अमेरिकी नागरिक नाही, त्यामुळे माझ्या पत्राला एकट्याने किंमत नव्हती. माझ्याजवळ जपून ठेवलेले हजेरीचे तक्ते, त्याच्या नावासह मूळ कंत्राटाचा क्रमांक असलेली कामाची पत्रके आणि प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राचे छायाचित्र होते. त्यावरून मूळ कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने त्याची नोंद शोधून दाखला दिला. तपासणीसाठी आमच्या शेडवर येणाऱ्या एका निवृत्त अमेरिकी अभियंत्याने माझ्या पत्राखाली सही केली. अर्ज स्वीकारला गेला आहे. पुढील टप्पा दूतावासातील मुलाखतीचा आहे, आणि काबूलमध्ये अमेरिकी दूतावास बंद असल्याने त्यासाठी त्याला कुटुंबासह दुसऱ्या देशात पोहोचावे लागेल. त्याच्या पारपत्रांची मुदत आणि शेजारी देशाचा व्हिसा यांची जुळवाजुळव सध्या चालू आहे.